दारामागचा कवड्यांच्या डोळ्यांचा देव

प्रश्न : काका, माझा मुलगा नोकरीसाठी मायामीला असतो. मागच्या महिन्यात त्यानं जागा बदलली. घरमालकीण मूळची क्युबाची, साठीची, बोलायला चांगली. पण तिच्या दाराच्या मागं, जमिनीवर, सिमेंटचं एक मुंडकं आहे. त्याला डोळे, नाक, तोंड कवड्यांचं. पुढं गोळ्या-चॉकलेटं आणि अर्धी ओढलेली सिगार. दर सोमवारी ती त्याच्यापुढं काहीतरी पुटपुटते. तिची भाची डोक्याच्या फडक्यापासून चपलेपर्यंत पांढऱ्यातच असते, म्हणे वर्षभर तसंच राहायचंय. मुलाला एवढाच शब्द कळला : 'सान्तेरिया'. आमच्या शेजारणी म्हणतात ही सरळ करणी आहे. मला रात्रीची झोप नाही. पोराला घर सोडायला सांगू का?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, घर अजिबात सोडायला लावू नका. बोलायला चांगली घरमालकीण इथं राजारामपुरीत मिळत नाही, तिथं मायामीत कुठली मिळणार?

ते मुंडकं म्हणजे एलेगुआ. दाराचा, वाटेचा आणि तिकटीचा देव. पापाची तिकटी तुमच्या पायाखालचीच असेल. अशा तीन वाटा फुटतात तिथं अमावास्येला नारळ, लिंबू, दहीभात पडलेला दिसला की आपण जरा कडेनं जातो. एलेगुआच्या नावानं ठेवलेलंही असंच चौकात, फाट्यावर दिसतं, आणि त्याचा आकडाही तीनच. पूजा कुठल्याही देवाची असो, पहिला मान याचा. यानं वाट मोकळी केली तरच हाक पुढं जाते, अशी समजूत. म्हणजे जागा आपल्या गणपतीची, पण स्वभाव बाळकृष्णाचा : खोड्याळ, रुसका, गोडाला हपापलेला. गोळ्या-चॉकलेटं त्यासाठी. सिगार आणि रम त्याच्या म्हाताऱ्या रूपासाठी, कारण तो पोरही आहे आणि थेरडाही. सोमवार त्याचा वार. बाई पुटपुटते ते बहुतेक 'आठवडा सुखाचा जाऊ दे' याच जातीचं काहीतरी असणार. तुम्ही उंबऱ्यावर हळदकुंकू वाहताना मनात म्हणता तेच.

आता शब्दाकडं. 'सान्तेरिया'त आपला 'संत' ऐकू येतो, पण फसू नका. स्पॅनिशमधला 'सान्तो' लॅटिनमधून आला, आपला संत संस्कृतातून; दोघं दिसायला सख्खे भाऊ, नातं काही नाही. मूळचा शब्द हेटाळणीचा. हे काळे लोक येशूला सोडून संतांच्याच मूर्तींच्या फार मागं लागतात, म्हणून स्पॅनिश लोकांनी नाक मुरडून दिलेलं नाव. पुढं तेच रुळलं. मानणारे स्वतः मात्र 'रेग्ला दे ओचा' म्हणतात, म्हणजे ओरिशांचा, देवांचा नेम. नाहीतर 'लुकुमी' म्हणतात. आज ज्याला नैऋत्य नायजेरिया आणि बेनिन म्हणतो तिथले योरुबा लोक, त्यांना क्युबात लुकुमी हे नाव पडलं.

हे लोक क्युबात गेले कसे, यावर मात्र मी जरा रेंगाळणार. उभी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत काढली, शेवटी चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. माझ्या लेखी 'उतारा' म्हणजे साखरेचा उतारा, शंभर किलो उसात किती किलो साखर. तिकटीवरच्या दुसऱ्या उताऱ्याचा आणि साखरेच्या उताऱ्याचा काही संबंध असेल, हे मला क्युबाला जाईपर्यंत सुचलंही नव्हतं.

संबंध असा. १७९१ साली हैतीत गुलामांनी बंड केलं. हैती तेव्हा फ्रेंचांची वसाहत आणि जगाचं साखरेचं कोठार. ते कोठार जळलं आणि शेजारच्या क्युबातल्या स्पॅनिश मळेवाल्यांना संधी दिसली. जंगलं तोडून ऊस लावला, गिरण्या उभ्या केल्या. आता ऊस कसा असतो हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तोडला की चोवीस तासांत घाण्यात गेला पाहिजे, नाहीतर आतली साखर फुटायला लागते, उतारा घसरतो. तेव्हा हंगामात गिरणी रात्रंदिवस चालणार आणि तिला माणूसही रात्रंदिवस लागणार. आपल्याकडं तोडीला बीडकडून टोळ्या येतात, त्यांच्या हालांवर मी नोकरीत असताना बोलून वाईटपणा घेतलेला आहे. पण ती माणसं हंगाम संपला की गावाला जातात. क्युबातली माणसं विकत आणलेली होती. रात्री त्यांना बराकीत कोंडून बाहेरून कुलूप घालत. मेलं की दुसरं आणायचं, असा हिशेब.

नेमक्या त्याच सुमाराला पश्चिम आफ्रिकेत ओयो नावाचं योरुबांचं मोठं राज्य मोडत होतं. आपसातली युद्धं, वरून उत्तरेकडच्या फुलानींचा रेटा. लढाईत पकडलेली माणसं किनाऱ्यावर विकली जायची. १८२० पासून स्पेननं हा व्यापार बंद करायचं कबूल केलं होतं, कागदावर. चोरून तो १८६० च्या दशकापर्यंत चालला, आणि गुलामी मोडली १८८६ ला. एकूण सात-आठ लाख माणसं क्युबात उतरवली, त्यातली बहुतेक १७९० नंतर. म्हणजे उशिरा आली, आणि दाटीनं आली. म्हणून आठवण ताजी राहिली. विसाव्या शतकात क्युबात अशा आज्या होत्या की ज्यांच्या आईचा जन्म आफ्रिकेतला.

शहरात थोडी उसंत होती. हवाना, मतान्सास इथं एकेका मुलखाच्या काळ्या लोकांना 'काबिल्दो' नावाची मंडळं काढायला चर्चनं आणि सरकारनं परवानगी दिली होती. कोल्हापूरकराला एका शब्दात सांगायचं तर तालीम. स्वतःचं निशाण, स्वतःचे ढोल, वर्गणी, आजाऱ्याला मदत, मेलेल्याचं क्रियाकर्म, आणि ६ जानेवारीला वाजतगाजत मिरवणूक. सरकारला वाटायचं, बरं आहे, आपापसांत नाचतायत. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. आत देव बसत होते.

प्रत्येक काबिल्दोला एक ख्रिस्ती संत आश्रयदाता म्हणून घ्यावा लागे, आणि इथं जोड्या जुळल्या. चांगो हा योरुबांचा विजेचा आणि ढोलांचा देव, ओयोचा जुना राजा, रंग तांबडा-पांढरा (आपल्या रश्श्याशी संबंध नाही). त्याची जोडी लागली संत बार्बराशी. मिशाळ राजा आणि कोवळी कुमारिका! पण बार्बराच्या कथेत तिचं मुंडकं उडवणाऱ्या बापावर वीज कोसळते, तिच्या अंगावर तांबडा झगा, हातात तलवार. ज्यानं जोडी लावली त्याला दोन्हीकडची कथा नीट ठाऊक होती. समुद्राची येमाया म्हणजे हवानाच्या बंदरापलीकडची रेग्लाची कुमारी. नदीची, मधाची, पिवळ्या रंगाची ओचून म्हणजे एल कोब्रेची कुमारी, जिला १९१६ साली पोपनं अख्ख्या क्युबाची पालनकर्ती ठरवलं. ८ सप्टेंबरला तिच्या मिरवणुकीत चालणाऱ्या बाईला 'तू मेरीला हात जोडतेस की ओचूनला' असं विचारलं तर ती तुमच्याकडंच विचित्र बघेल.

पंडित मंडळी वाद घालतात : हा नुसता मुखवटा होता, की दोन्ही खरोखर एक झाले? अलीकडं काही घरांनी संत काढून टाकून नुसते ओरिशा ठेवलेत. मला विचाराल तर हा वाद आपल्याला नवा नाही. महालक्ष्मी म्हणायचं की अंबाबाई, यावर आपल्या गावात किती शाई सांडली. आणि कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, त्या दिवशी तिथल्या कुणाला व्याख्या विचारायला जाऊ नये.

आता मी स्वतः खाल्लेली फजिती सांगतो. १९८० च्या दशकात साखरेच्याच कामासाठी आम्ही काही जण क्युबाला गेलो होतो. फेब्रुवारी, गाळप ऐन भरात. तिथल्या एका गिरणीच्या केमिस्टनं घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, पण काचेच्या कपाटात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचं झाकणाचं एक भांडं, सूप वाढायला असतं तसलं, इतकं देखणं की मी न राहवून म्हणालो, 'आज यातलं सूप प्यायला मिळणार वाटतं!' दुभाष्यानं भाषांतर केलं आणि खोली गप्प झाली. केमिस्ट कम्युनिस्ट पक्षाचा सभासद, त्याची मान खाली. मग त्याची सासू हसली. दुभाष्याशी काही बोलली, उठली, झाकण जरासं उचलून मला लांबूनच दाखवलं. पाणी, आणि पाण्यात समुद्रातले काळे गुळगुळीत गोटे. सात. ते भांडं म्हणजे येमायाचं घर होतं. कुणी चौकशीला आलंच तर कपाटातली भांडीकुंडी म्हणून खपावी, अशी सोय.

माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात एक तांदळा होता. ना नाक, ना डोळे, शेंदराची पुटं चढलेला गोटा. लहानपणी मी तो गोट्या खेळायला घेतला आणि जन्मात खाल्ला नसेल असा मार खाल्ला. त्या सासूनं झाकण ठेवलं तेव्हा मला त्या माराची आठवण झाली. जहाजाच्या तळात साखळीनं बांधलेल्या माणसाला देव्हारा नेता येत नाही. मूर्ती नाही, पोथी नाही, अंगावर चिंधी नाही. मग नव्या मुलखातल्या नदीतला, समुद्रातला गोटा उचलायचा आणि डोक्यात आणलेला देव त्यात बसवायचा. 'डोक्यात' हे मी उगाच म्हणत नाही. त्यांच्या दीक्षेत देव माणसाच्या डोक्यावरच बसवतात, त्या विधीला नावही 'आसियेन्तो', म्हणजे बैठक. आपली जोगतीण यल्लम्माचा जग, म्हणजे टोपलीतली देवी, डोक्यावर घेऊन फिरते, तिला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तुमच्या घरमालकिणीची भाची त्यातूनच गेलेली आहे. दीक्षा घेतलेल्याला वर्षभर 'इयावो' म्हणतात, म्हणजे देवाची नवी नवरी. पुरुषालाही तोच शब्द. वर्षभर पांढरं नेसायचं, कितीतरी गोष्टी पाळायच्या. दीक्षा देणारे मानलेले आई-बाप, त्यांचं ते घराणं. वर कुणी शंकराचार्य नाही, पोप नाही. सगळ्यांच्या वर ओलोदुमारे नावाचा परमेश्वर आहे, पण तो फार लांब. रोजच्या कटकटी ओरिशांकडंच न्यायच्या. देव अंगातही येतो. ढोल तीन, दोन्ही तोंडांनी वाजणारे, त्यांना 'बाता' म्हणतात. ज्याच्या अंगात आलं तो देवाचा घोडा. आपण 'वारं आलं' म्हणतो.

एवढी साम्यं सांगितली म्हणून ते आणि आपण एकच, असं कृपा करून कुणी मला फोन करून सांगू नये. मागं एकदा इजिप्तवर लिहिलं तर दोन महिने पिरॅमिड मूळचे आपलेच हे ऐकत होतो. माणसाला आजार, दुष्काळ, पोरंबाळं, वाट चुकणं सगळीकडं सारखंच असतं, म्हणून देवही कधीकधी एकाच तोंडवळ्याचे निघतात. यातलं सगळ्यात नवल वाटलं ते बाबालू आयेचं. हा देवीच्या रोगाचा देव. तोच रोग देतो, तोच बरा करतो. त्याचं खरं नाव घ्यायलाही लोक भितात, म्हणून 'जगाचा बाप' अशा अर्थाच्या या नावानं बोलवायचं. मराठीत तर आपण रोगालाच 'देवी' म्हणून टाकलं! त्याची जोडी संत लाझारोशी, अंगभर फोडं, हातात कुबड्या, पायाशी कुत्री. १७ डिसेंबरला हवानाजवळच्या एल रिन्कोनच्या देवळाकडं लोक गुडघ्यांवर, लोळत, पायाला दगड बांधून ओढत जातात. अंगावर गोणपाट.

तर ताई, पोराला एवढंच सांगा. त्या मुंडक्याला हात लावू नकोस, झाडताना उचलून बाजूला ठेवू नकोस. प्रसादाचा केक दिला तर खा. आणि कुणी 'तुझ्यावर करणी झालीय, उतरवायला इतके डॉलर' म्हणालं तर तिथून ऊठ. असली माणसं तिथंही आहेत, इथंही आहेत. इथं त्यांच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तरी आहे. रोगाला डॉक्टर. बाकी त्या बाईच्या दारामागं जो बसलाय, त्याच्याकडं तुमच्या पोराच्या येण्याजाण्याची काळजी आपोआपच गेलेली आहे, तिच्या हिशेबानं.

प्रश्न : आफ्रिकेतल्या देवाला कवड्या कुठून? माझी आत्या तुळजाभवानीची आराधीण, तिच्या गळ्यातही कवड्यांची माळ आहे.
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : प्रश्न छान, उत्तर कडू. कवड्या आपल्याच समुद्रातल्या, मुख्यतः मालदीवच्या. कित्येक शतकं त्या पश्चिम आफ्रिकेत पैसा म्हणून चालत. आधी अरबांनी वाळवंटापलीकडं नेल्या, मग पोर्तुगीज, डच, इंग्रज यांनी जहाजाच्या तळाला वजन म्हणून भरून युरोपात आणि तिथून गिनीच्या किनाऱ्याला. तिथं त्या मोजून माणसं विकत घेतली. इंग्रजीतलं कवडीचं नावही आपल्याकडूनच उचललेलं. आपण 'कवडीमोल' म्हणतो, त्याचा तिकडं शब्दशः अर्थ झाला.

आणि ज्या कवड्यांनी माणूस विकला, त्याच सोळा कवड्या टाकून क्युबातली सान्तेरा, म्हणजे दीक्षा घेतलेली बाई, त्याच्या नातवंडाचं नशीब सांगते. कवडीची पाठ घासून उघडी करतात, म्हणजे ती उताणी किंवा पालथी, दोन्ही बाजूंनी नीट बसते. चटईवर टाकायच्या आणि तोंड वर आलेल्या मोजायच्या. पाच आल्या तर ओचून बोलली, सहा आल्या तर चांगो, सात तर येमाया. प्रत्येक आकड्यामागं कथांचा ढीग, तो पाठ असावा लागतो. याच्याही वरचा दर्जा बाबालावोचा, म्हणजे भविष्य पाहणाऱ्या पुजाऱ्याचा, तो ताडाच्या जातीच्या सोळा बियांनी पाहतो आणि त्याच्याकडं २५६ अध्याय. युनेस्कोनं या इफा विद्येला मानवजातीचा ठेवा म्हटलंय. नव्या वर्षाच्या सुरुवातीला हे बाबालावो एकत्र बसून वर्षाचं भाकीत काढतात, पाऊसपाणी, रोगराई, कुठला देव वर्षाचा धनी. पाडव्याला भटजी पंचांग उघडून संवत्सरफल वाचतात, तसंच.

प्रश्न : म्हणजे हेच ते व्हूडू का?
— राजारामपुरी

उत्तर : नाही. ते हैतीचं, तिथं मुख्य वारसा पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमेच्या 'फोन' नावाच्या लोकांचा आणि मालक फ्रेंच. ब्राझीलमधलं कान्दोम्ब्ले मात्र मुख्यतः योरुबांचं, सान्तेरियाचं चुलत भावंड. बाहुलीला सुया टोचणं सिनेमावाल्यांचं.

प्रश्न : तिकडं कोंबडं-बकरं कापतात म्हणे. अमेरिकेत कायदा कसा चालू देतो?
— शाहूपुरी, सही अवाचनीय

उत्तर : चालू दिलं नव्हतं. १९५९ च्या क्रांतीनंतर आणि पुन्हा १९८० ला क्युबन लोक लाटांनी फ्लोरिडात गेले, देव बरोबर गेले. मायामीला लागून हायलीया नावाचं शहर आहे. १९८७ साली तिथं एका लुकुमी मंडळानं, बाबालू आयेच्याच नावाच्या, उघड देऊळ काढायचं ठरवलं. नगरपालिकेनं लगोलग ठराव केले : बळी देण्यावर बंदी. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ११ जून १९९३ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी ठराव रद्द केले. मुद्दा साधा होता. शिकार चालते, कत्तलखाना चालतो, यहुद्यांची पद्धत चालते, आणि बंदी फक्त यांनाच. मग तो कायदा प्राण्यांसाठी नाही, यांच्या देवासाठी केलेला आहे. तिकडंही बहुतेक वेळा ते मटण शिजवून खातातच. आजार उतरवायला किंवा मयताच्या विधीत कापलेलं मात्र खात नाहीत.

मला स्वतःला देवासाठी सुरी चालवणं पटत नाही, हे आजीलाही पटलं नव्हतं आणि तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. पण आषाढात पी-ढबाकच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाईला जायचं, संध्याकाळी मटणावर ताव मारायचा, आणि क्युबाच्या बाईला रानटी म्हणायचं, हे कोल्हापुरात बसून मला जमणार नाही.

त्याच वेळी क्युबात काय चाललं होतं तेही सांगून ठेवतो. १९९१ ला तिथल्या कम्युनिस्ट पक्षानं देव मानणाऱ्यांना सभासद व्हायला मोकळीक दिली. माझ्या त्या केमिस्ट मित्राच्या घरचं भांडं त्यानंतर काचेच्या कपाटातून बाहेर आलं का, कुणास ठाऊक. तोवर आमची पत्रं थांबली होती.

प्रश्न : पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर याच लोकांतला का?
— इयत्ता आठवी, कोडोली

उत्तर : नाही रे बाळा. १६६० चा तो वेढा घालणारे सिद्दी आफ्रिकेच्या पूर्वेकडचे, हबसाण (आजचा इथिओपिया) आणि आसपासच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रानं आलेले. क्युबात नेले ते पश्चिम किनाऱ्याचे. नकाशात दोन्हीकडं बोट ठेवून बघ, मध्ये केवढं खंड आहे ते. आणि उरलेल्या सिद्द्यांना भेटायचं असेल तर लांब जायला नको, हल्याळ-यल्लापूरच्या रानात त्यांची गावं आहेत. तुझ्या बाबांना म्हणावं, मे महिन्यात गोव्याऐवजी तिकडं चला.